चाळिशीची काच आणि प्रकाशाचे वळण

वाचण्यासाठी लावायच्या चष्म्याला मराठीत 'चाळिशी' म्हणतात. कोणत्या वयात सुईत दोरा ओवणे अवघड होऊ लागते, हे आपल्या भाषेने एका शब्दात टिपून ठेवले आहे. चाळीस वर्षे ओलांडली की माणूस वर्तमानपत्र हळूहळू लांब धरू लागतो. तांदूळ निवडताना खडा सुटतो. औषधाच्या पाकिटावरची तारीख मुलाकडून वाचून घ्यावी लागते. रोज फजरनंतर कुरआनचे पान उघडणारी दादी मोठ्या अक्षरांची प्रत मागू लागते, आणि पुढे तीही दिसेनाशी झाली की केवळ पाठ असलेल्या सूरतींवर समाधान मानते.

यावर उपाय म्हणजे दोन गोल काचा. त्यांत ना औषध आहे, ना यंत्र, ना बॅटरी. प्रकाश त्यांतून जाताना थोडासा वळतो आणि तेवढ्यानेच पुसट अक्षर ठळक होते. हे वळणे म्हणजे नेमके काय, ते कोणी ओळखले, आणि आपल्या घरातल्या डोळ्यांशी त्याचा काय संबंध आहे, ते या लेखात पाहू.

काचेत शिरल्यावर काय होते?

खिडकीच्या तावदानावर प्रकाश पडला की त्याचे तीन वाटे होतात. एक छोटा वाटा परत फिरतो, एक अगदी थोडा काचेतच जिरतो आणि उरलेला मोठा वाटा पलीकडे जातो. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून, प्रकाश समोरून पडला तर, सुमारे ४ टक्के परत येतो. तावदानाला दोन पृष्ठभाग असतात, म्हणून जवळजवळ ८ टक्के प्रकाश माघारी येतो. दिवसा बाहेरच्या उजेडापुढे हे प्रतिबिंब जाणवत नाही. रात्री बाहेर अंधार असतो आणि खोलीत दिवा असतो, तेव्हा त्याच खिडकीत आपलाच चेहरा दिसतो. काच तीच असते, परत येणारा प्रकाशही तेवढाच असतो. फक्त त्याच्याशी स्पर्धा करणारा बाहेरचा उजेड नसतो.

जिरणारा वाटाही पाहता येतो. काचेचे तावदान समोरून रंगहीन दिसते, पण त्याची कड हिरवट असते. काचेत किंचित लोह असते आणि ते तांबडा प्रकाश थोडा थोडा शोषते. समोरून पाहताना प्रकाश चार-पाच मिलिमीटर काचेतून येतो, कडेतून पाहताना वीतभर किंवा हातभर काचेतून. म्हणून कडेला रंग उमटतो. मशिदीच्या कमानीतली रंगीत काचही हेच करते. हिरवी काच प्रकाशाला हिरवा रंग देत नाही. पांढऱ्या प्रकाशात आधीपासून असलेला हिरवा भाग जाऊ देते आणि बाकीचे रंग अडवते.

आता पलीकडे जाणारा मोठा वाटा. निर्वात जागेत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. पाण्यात त्याचा वेग सुमारे सव्वादोन लाख आणि साध्या काचेत सुमारे २ लाख किलोमीटर होतो. प्रकाशाची लहर काचेतल्या इलेक्ट्रॉनांना हलवते, ते हलताना स्वतःच्या लहरी सोडतात आणि या सर्वांची मिळून जी लहर पुढे सरकते ती मूळ लहरीपेक्षा संथ असते. काचेबाहेर पडताच प्रकाशाचा वेग पुन्हा पहिल्यासारखा होतो.

वेग कमी झाला की दिशा का बदलावी? एक हातगाडी डांबरी रस्त्यावरून तिरकी वाळूत शिरते आहे असे समजा. जे चाक आधी वाळूत जाते ते मंदावते, दुसरे अजून डांबरावर वेगात असते. गाडी आपोआप वळते. गाडी वाळूत सरळ समोरून शिरली, तर दोन्ही चाके एकदम मंदावतात आणि दिशा बदलत नाही. प्रकाशाचेही असेच आहे. तिरका शिरला तर वळतो, सरळ शिरला तर फक्त संथ होतो. शाळेच्या पुस्तकात यालाच अपवर्तन म्हटले आहे.

तावदानाच्या दोन्ही बाजू समांतर असतात, म्हणून शिरताना पडलेले वळण बाहेर पडताना नेमके उलटे होऊन मिटते. किरण किंचित बाजूला सरकतो, पण दिशा पहिलीच राहते. त्यामुळे खिडकीतून बाहेरचे झाड वाकडे दिसत नाही. बाजू समांतर नसल्या किंवा गोलाकार घासलेल्या असल्या, तर वळण मिटत नाही. भिंग आणि लोलक यांचे सगळे काम याच न मिटलेल्या वळणावर चालते.

पाण्यातही हेच घडते, आणि तेथे ते जिवावर बेतू शकते. हौजाच्या काठावर बसून वुजू करताना तळ आहे त्यापेक्षा वर दिसतो. सरळ खाली पाहिले, तर चार फूट पाणी तीन फुटांइतके भासते. तिरके पाहिले तर आणखी उथळ. नदीकाठी, खाणीच्या तळ्यावर किंवा विहिरीवर जाणाऱ्या मुलांना हे सांगून ठेवले पाहिजे. स्वच्छ पाणी उथळ वाटते, म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर त्यात उतरू नये.

बगदाद, बसरा आणि काहिरा

प्रकाश वळतो हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते. इ. स. च्या दुसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने हवा, पाणी आणि काच यांच्यात किरण किती वळतो याची कोष्टके तयार केली होती. पण आकडे हाती असूनही त्यांना बांधणारा बरोबर नियम त्याला सापडला नाही.

तो नियम दहाव्या शतकात बगदादमध्ये लिहिला गेला. अबू साद अल-अला इब्ने सहल या गणितज्ञाने सुमारे ९८४ साली सूर्यकिरण एका बिंदूवर आणून पदार्थ पेटवणारे आरसे आणि भिंगे यांवर ग्रंथ लिहिला. भिंगाला नेमका कोणता आकार दिला म्हणजे सर्व किरण एकाच बिंदूवर येतील, हा त्याचा प्रश्न होता. त्याने एक आकृती काढली. तिच्यात हवेतला आणि स्फटिकातला किरण यांच्या लांबीचे गुणोत्तर, कोन कोणताही असला तरी, कायम राहते. आज दहावीची मुले जो अपवर्तनाचा नियम पाठ करतात, तोच हा. युरोपात तो नेदरलँड्सच्या स्नेलने १६२१ च्या सुमारास शोधला आणि फ्रान्सच्या देकार्तने १६३७ मध्ये छापला. इब्ने सहलच्या ग्रंथाची पाने मात्र विखुरली होती. काही दमास्कसमध्ये, काही तेहरानमध्ये. रुश्दी राशिद या अभ्यासकाने ती एकत्र लावून १९९० मध्ये जगापुढे मांडली. तोपर्यंत हजार वर्षे उलटली होती.

इब्ने सहलचे काम ज्यांना माहीत होते त्यांत अबू अली अल-हसन इब्ने हैसम हे नाव सर्वांत मोठे. जन्म बसऱ्यात, सुमारे ९६५ साली. मृत्यू काहिऱ्यात, सुमारे १०४० साली. १०११ ते १०२१ या काळात त्यांनी सात खंडांचा 'किताबुल मनाजिर' लिहिला. त्या काळी डोळ्यांतून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला स्पर्श करतात, म्हणून आपल्याला दिसते, असे अनेक विद्वान मानत. इब्ने हैसम यांनी साधे प्रश्न विचारले. सूर्याकडे पाहिले तर डोळ्यांना वेदना का होतात? तेजस्वी वस्तू पाहून डोळे मिटले, तरी तिची छाया का रेंगाळते? प्रकाश बाहेरून डोळ्यात येतो आणि येताना परिणाम करतो, हेच यांचे उत्तर होते.

ते केवळ युक्तिवादावर थांबले नाहीत. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर त्यांनी अनेक दिवे ठेवले. भिंतीवर तेवढेच प्रकाशाचे ठिपके पडले. एक दिवा झाकला की त्याच्या रेषेतला एकच ठिपका नाहीसा होई, बाकीचे जागेवर राहत. म्हणजे प्रकाश सरळ रेषेत येतो आणि किरण एकमेकांत मिसळून बिघडत नाहीत. सातव्या खंडात त्यांनी अपवर्तनाचा विचार केला. दाट माध्यमात प्रकाशाची गती मंदावते, असे त्यांनी मांडले. वातावरणामुळे आकाशातल्या प्रकाशाला पडणारे वळणही त्यांनी अभ्यासले.

या वातावरणाच्या वळणाशी आपला रोजचा संबंध आहे. क्षितिजाजवळचा सूर्य हवेतील वळणामुळे प्रत्यक्षापेक्षा सुमारे अर्धा अंश वर दिसतो. आपल्याला सूर्याची कड क्षितिजावर टेकलेली दिसते, तेव्हा हवा नसती तर सगळा सूर्य जवळजवळ बुडालेला असता. आपल्याकडे यामुळे दिवस संध्याकाळी सुमारे दोन मिनिटांनी लांबतो. सूर्यास्ताचे गणित करताना हे वळण धरावे लागते. मगरिब आणि इफ्तारच्या तक्त्यातील वेळेतही ते मिसळलेले असते.

'किताबुल मनाजिर'चा लॅटिन अनुवाद सुमारे १२०० साली झाला आणि १५७२ मध्ये बासेल येथे तो छापला गेला. युरोपातील विद्वानांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ हे वर्ष आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्ष म्हणून पाळले, तेव्हा या ग्रंथाच्या हजार वर्षांचीही आठवण करण्यात आली. पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगावा, पण इब्ने हैसम यांची रीत त्याहून महत्त्वाची आहे. नामवंत विद्वानाने लिहिले म्हणून त्यांनी मान्य केले नाही. खोलीत अंधार करून, दिवे लावून, झाकून पाहिले. आपल्या मुलामुलींना शिकवण्यासारखी गोष्ट ती आहे.

पाण्याने भरलेला काचगोल

तीनशे वर्षांनी इराणमध्ये कुतुबुद्दीन शीराजी यांनी आपला शिष्य कमालुद्दीन फारसी याला इब्ने हैसम यांचा ग्रंथ अभ्यासण्यास सांगितले. कमालुद्दीनला इंद्रधनुष्याचे कोडे सोडवायचे होते. पावसाचा थेंब हातात धरून तपासता येत नाही. म्हणून त्याने काचेचा गोल घेतला, तो पाण्याने भरला आणि अंधाऱ्या खोलीत त्यावर सूर्यप्रकाश सोडला. किरण थेंबात शिरताना एकदा वळतो, मागच्या भिंतीवरून परत फिरतो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो, हे त्याला दिसले. मागच्या भिंतीवर दोनदा परावर्तन झाले की वरचे फिकट, उलट्या रंगांचे दुसरे धनुष्य बनते, हेही त्याने सांगितले. त्याच सुमारास जर्मनीतल्या थिओडोरिक या पाद्र्याने स्वतंत्रपणे जवळपास हेच शोधले. दोघांना एकमेकांची खबरही नव्हती.

रंग कोठून येतात, याचा उलगडा मात्र न्यूटनने केला. १६६६ च्या सुमारास त्याने काचेच्या लोलकातून सूर्यकिरण सोडला आणि भिंतीवर रंगांचा पट्टा पडला. काच रंग तयार करते का, हे तपासण्यासाठी त्याने एकच रंग वेगळा काढून दुसऱ्या लोलकातून सोडला. तो वळला, पण त्याचा रंग बदलला नाही. म्हणजे रंग पांढऱ्या प्रकाशातच असतात. काचेत जांभळा अधिक मंदावतो आणि अधिक वळतो, तांबडा कमी. म्हणून ते सुटे होतात.

काचेतून बाहेर पडणारा किरण फारच तिरका असला, तर तो बाहेर पडूच शकत नाही. साध्या काचेत हा कोन सुमारे ४२ अंशांचा आहे. त्यापलीकडे सगळा प्रकाश आतच परावर्तित होतो. केसाइतक्या बारीक काचतंतूत प्रकाश याच कारणाने कोंडून राहतो. या विषयात भारतात जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी पायाभूत काम केले, आणि काच पुरेशी शुद्ध केली तर संदेश दूरवर नेता येईल हे दाखविणारे चार्ल्स काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. आज दुबईत नोकरी करणारा मुलगा रत्नागिरीतल्या अम्मीला मोबाईलवर दिसतो, तेव्हा त्याचा चेहरा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या काचेच्या धाग्यांतून प्रकाशाच्या रूपाने आलेला असतो.

डोळ्यातले भिंग आणि डोळ्यावरचे भिंग

आपला डोळाही प्रकाश वळवूनच पाहतो. त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश वळण बुबुळासमोरच्या पारदर्शक पारपटलावर होते. पाण्यात डोळे उघडले की सारे धूसर दिसते, कारण पारपटल आणि पाणी यांत प्रकाशाच्या वेगात फारसा फरक नसतो आणि ते वळण नाहीसे होते. उरलेले काम आतले भिंग करते. लांब पाहताना ते चपटे होते, जवळ पाहताना फुगते. वय वाढते तसे हे भिंग कडक होते. चाळिशीनंतर ते पुरेसे फुगत नाही आणि जवळच्या अक्षरातून पसरत येणारे किरण दृष्टिपटलावर एकत्र येत नाहीत. यात डोळा 'बिघडला' असे काही नसते. केस पिकतात तसेच हे आहे आणि ते प्रत्येकाला होते.

चाळिशीचे बहिर्गोल भिंग कमी पडलेले वळण भरून काढते. त्याचा नंबर घरी पडताळता येतो. वाचायचा चष्मा खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरा आणि पुढेमागे करा. दूरच्या दृश्याचे उलटे, स्पष्ट चित्र भिंतीवर पडेल तेथे थांबा. काचेपासून भिंतीपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा आणि १०० ला त्याने भागा. ५० सेंटिमीटर आले तर नंबर अधिक २, आणि १०० आले तर अधिक १. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. मात्र भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू देऊ नका.

मुलांची अडचण बहुधा उलट असते. डोळ्याचा गोल थोडा लांब वाढतो, किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात आणि फळ्यावरचे दिसत नाही. त्यांना अंतर्गोल, म्हणजे वजा नंबरचे भिंग लागते. ते किरण थोडे पसरवते, म्हणजे ते योग्य जागी जुळतात. आज 'काच' म्हटली तरी चष्म्याची भिंगे बहुतेक प्लास्टिकची असतात. मुलांसाठी न फुटणारे पॉलिकार्बोनेट अधिक सुरक्षित.

घरात अडते ते इथे

इतका स्वस्त आणि साधा उपाय असूनही आपल्या कित्येक घरांत तो पोहोचत नाही. मुलगी फळा दिसत नाही म्हणून मागे पडते, आणि घरचे म्हणतात, "चष्मा लावला तर स्थळ कसे यायचे?" अम्मी शिलाई-जरीकाम करते, पण दोरा ओवायला शेजारच्या मुलीला हाक मारते. मालेगाव-भिवंडीत मागावर तुटलेला धागा जोडणाऱ्या कारागिराचा हात पूर्वीइतका चालत नाही, आणि तो समजतो की आपले वय झाले. नुकसान अक्षरांपुरते राहत नाही. ते शिक्षणाचे आणि कमाईचेही असते.

आसाममधील चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जवळचे पाहण्याचा चष्मा लगेच दिला, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानखुडणी इतरांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. औषध नाही, प्रशिक्षण नाही, फक्त दोन भिंगे.

काही समजुती काढून टाकायला हव्यात. चष्म्याची सवय लागून नंबर वाढतो, हे खरे नाही. मुलांचा नंबर वाढतो तो डोळ्याचा गोल वाढत असल्यामुळे. चष्मा न लावल्याने ती वाढ थांबत नाही. मूल रोज तासा-दोन तासांसाठी मोकळ्या उजेडात खेळले, तर नंबर लागण्याची शक्यता कमी होते, असे मात्र अनेक अभ्यासांत आढळले आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. एका डोळ्याचा नंबर बराच जास्त असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मूल तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे भागते. सात-आठ वर्षांच्या आत हे लक्षात आले तर चष्मा आणि उपचारांनी दृष्टी सुधारते. उशीर झाला तर पुढे उत्तम चष्माही पुरा पडत नाही. म्हणून शाळेत घालण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे दोन्ही डोळे वेगवेगळे झाकून तपासून घ्यावेत.

मोठ्यांनीही रस्त्यावरचा तयार चष्मा घेऊन थांबू नये. अंधुक दिसण्याचे कारण प्रत्येक वेळी चाळिशीच असते असे नाही. मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेहाने झालेला पडद्याचा आजारही असू शकतो, आणि तो तपासणीतच कळतो. जिल्हा रुग्णालयात ही तपासणी होते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांची तपासणी आणि गरजूंना मोफत चष्मा यांचीही तरतूद आहे. शाळेत त्याची चौकशी करावी.

रमजानच्या तयारीत आपण घर झाडतो, किराणा भरतो, मुलांचे कपडे शिवतो. या वर्षी त्या यादीत आणखी एक ओळ घालावी: घरातील चाळिशीपुढच्या प्रत्येकाची आणि शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाची डोळ्यांची तपासणी. रमजानचा चाँद दिसेल तोपर्यंत दादीच्या हातात तिचा चष्मा असावा, आणि कुरआनचे पान तिचे तिला वाचता यावे.